टकटकचाचांचे कान

गाडी दुकानासमोर उभी राहिली की टकटकचाचा माणसाकडे बघतच नसत. थेट गाडीच्या दाराशी जात, उजव्या हाताचं मधलं बोट वाकवत आणि दार वाजवत. टक टक. मग पत्र्याला कान लावून पुन्हा टक टक. चारही दारं झाली की मग 'या, बसा', मग पाणी. एखादं नवखं गिऱ्हाईक वैतागून म्हणे, "चाचा, स्पीकर टाकाचे हायेत, डेंटिंग नाही कराचं." त्यावर चाचा म्हणत, "बाबू, स्पीकर मी चांगलाच देईन. पन तो बसन कशात? ह्याच पत्र्यात ना? मंग पत्रा काय म्हन्ते ते त ऐकू द्या आधी."

कारंज्यात त्यांचं खरं नाव किती जणांना ठाऊक होतं, कोण जाणे. पाटीवर होतं, पण पाटी उन्हानं पांढरीफटक झालेली. कापसाच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका शटरचं दुकान, आत लाकडी टेबल, भिंतीवर स्पीकरची खोकी, आणि सगळ्यात नवल म्हणजे शांतता. साउंडच्या दुकानात शांतता! बाकीच्या दुकानांत शिरलं की छातीत धडधडायला लागतं, इथे पंख्याचा आवाज ऐकू यायचा. "गाणं चालू असलं का माल कळत नाही," ते म्हणत, "गाणं बंद कराले शिकलं पाह्यजे."

धडाडधूम बास हवा असलेली तरणी पोरं आली की त्यांचा एकच सवाल असे. "तुमाले गानं ऐकाचं हाय का गावाले ऐकवाचं हाय?" पोरं खरं बोलत, "गावाले." मग चाचा हसून त्यांना पलीकडच्या गल्लीतल्या डीजेवाल्याकडे पाठवून देत. वर त्याला फोन करून सांगत की पोरं भली आहेत, दाम वाजवी लाव. असा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही. त्यांच्या बायकोनं, म्हणजे चाचींनी, ह्यावरून आयुष्यभर त्यांच्याशी भांडण केलं असणार, आणि ते चाचींचंच बरोबर होतं.

आमची ओळख झाली ती आमच्या पहिल्या गाडीमुळे. मी मास्तरीण. राहते कारंज्यात, शाळा आसेगावला. एसटीच्या मागे पळून पळून नाकी नऊ आले, तेव्हा आम्ही एक जुनी गाडी घेतली. तिचे स्पीकर फाटलेले. गाण्यातला माणूस घशात काहीतरी अडकल्यासारखा गायचा. माझ्या नवऱ्यानं मोबाइलवर आठवडाभर व्हिडिओ बघून अभ्यास केला होता. दुकानात शिरताच तो सुरू झाला, इतक्या वॅटचे पुढे, इतक्या वॅटचे मागे, आणि डिक्कीत मोठा बासचा डबा. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी कोन चालवते?"

"मी," मी म्हटलं.

"मंग भाऊ, तुमी जरा चहा पिऊन या," चाचा नवऱ्याला म्हणाले, "स्पीकर बाईसाठी लागतीन."

अहो, मला काय आनंद झाला सांगू! तोवर गाडीच्या दुकानात, गॅरेजमध्ये, पंक्चरवाल्याकडेसुद्धा सगळे नवऱ्याशीच बोलायचे. मी गाडी चालवत आणायची आणि ते त्याला विचारायचे, 'ब्रेक कसा लागते साहेब?' चाचांनी मला पुढच्या सीटवर बसवलं, माझे कान कुठे येतात ते नजरेनं मोजलं, मागे कोण बसतं विचारलं. कुणीच नाही म्हटल्यावर मागचे स्पीकर सोडूनच दिले. डिक्कीत काय असतं विचारलं. मी म्हटलं, गॅस सिलिंडर, कधी पिठाचा डबा, कधी शाळेची पुस्तकं. "मंग बासचा डबा नाही. संसार पहिले," ते म्हणाले, आणि नवऱ्याचा आठवडाभराचा अभ्यास तिथेच आटोपला.

खोक्यावरच्या वॅटच्या आकड्याचा त्यांना मनापासून तिटकारा. आकड्यावर अंगठा ठेवून ते खोकं दाखवत. "हे म्हंजे बायोडाट्यातली उंची हाय बाई. पाह्याले गेलं का पोरगा दोन इंच कमीच निंगते." किती वॅट तो स्पीकर दम न लागता तासभर सोसतो, तो आकडा बारीक अक्षरात आत कागदावर लिहिलेला असतो, तेवढाच ते वाचत. पैसा आधी दारातल्या चिकट शीटवर घाला म्हणत, म्हणजे पत्रा खडखडत नाही. मग पुढच्या दोन दारांतल्या स्पीकरवर. मग सीटखालच्या लहान अँप्लिफायरवर. आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यात बसतो तो बारीक आवाजाचा, बटणाएवढा स्पीकर, त्याला ते चिमणी म्हणत. "चिमनी लय नाजूक. कमी पडली त गाणं झोपते, जास्त झाली त टोचते."

त्या दिवशी त्यांनी मला ऐकायला शिकवलं. त्यांचा नियम होता की स्पीकर पारखायला गिऱ्हाइकानं आपलं गाणं आणावं, तोंडपाठ असलेलं. "अनोळखी मान्साले विचारून सोयरीक करते का कोनी?" माझ्या मोबाइलमध्ये माहेरच्या, जऊळक्याच्या बायांनी जयंतीला म्हटलेलं भीमगीत होतं. माझी आई त्यात झांज वाजवते. चाचांनी ते लावलं, मला डोळे मिटायला सांगितले आणि विचारलं, "टाळ्या किती बाया वाजवून राह्यल्या?" मला नुसत्याच टाळ्या ऐकू येत होत्या. त्यांनी एका दाराची लाल-काळी वायर उलटसुलट केली आणि गाणं एकदम पोकळ झालं. "पाहा, आता दोन स्पीकर भांडून राह्यले. एक ढकलते, दुसरा वढते." वायर सरळ केली, चिमणी थोडी खाली आणली, आणि हळूहळू टाळ्या वेगळ्या झाल्या. चार... नाही, पाच बाया. आणि डाव्या हाताला झांज. माझ्या आईची झांज! डोळे उघडले तर चाचा खिडकीशी उभे राहून माझ्याच तोंडाकडे बघत होते. गाडीचं काम झालं की नाही ते त्यांना मशीनवर नाही, माणसाच्या तोंडावर दिसायचं.

त्यांची एक गोष्ट सगळं कारंजा सांगतं. वाशीमच्या एका डॉक्टरची गाडी त्यांनी केली. गाडी गेली आणि संध्याकाळी चाचांच्या ध्यानात आलं की एक वायर उलटी राहिली. डॉक्टरांना त्यातलं ओ की ठो कळलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं चाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन वाशीमला हजर! डॉक्टर दवाखान्यात, आणि हे बाहेर त्यांच्या गाडीचं दार खोलून बसलेले. मी ह्यावरून त्यांना चिडवलं, तर गंभीर होऊन म्हणाले, "बाई, चूक दुकानात राह्यली त चूक. गाडीत बसून गेली त बेइमानी." हे वाक्य मी ऐकलं, हसले आणि विसरून गेले. विसरायला नको होतं.

पुढे येणंजाणं वाढलं. ईदेला चाचींचा शीरखुर्मा आमच्या घरी, माझ्या पुरणपोळ्या त्यांच्या घरी. मी तोंडानं फटकळ. माहेरी मला 'मिरची' म्हणत. चाचांना ते फार आवडे. "तुमी खरं बोलता म्हून तुमाले नवी गाडी झाली का पह्यले ऐकवतो," म्हणत. शाळेतून येताना मी दुकानापाशी थांबायची, एखाद्या गाडीत बसून ऐकायची आणि सांगायची, "चाचा, बायकांचा आवाज नाकातून येऊन राह्यला." ते लगेच काहीतरी फिरवायचे.

मग मागच्या वर्षी आम्ही नवी गाडी घेतली. शोरूमवाला म्हणाला, आमच्याकडे सगळं पॅकेज आहे. मी म्हटलं, तुमचं पॅकेज तुम्हालाच राहू द्या. गाडी थेट चाचांकडे नेली. टक टक झालं, शीट लागल्या, स्पीकर बसले. दोन दिवसांनी मी गाडीत बसले, आईचं गाणं लावलं आणि झांज वाजली.

सुई टोचावी तशी वाजली. प्रत्येक 'स' फुसफुसत होता, टाळ्या कानात कडाकडा फुटत होत्या. मी दचकून चाचांकडे पाहिलं. ते खिडकीशी उभे होते, चेहरा आनंदानं फुललेला. "कशी हाय? आता झांज कशी साफ येते!"

मला एका क्षणात कळलं. वय झालेल्या माणसाला आधी बारीक आवाज ऐकू येईनासा होतो. चाचांना चिमणी ऐकू येत नव्हती. ती ऐकू येईपर्यंत ते तिला वर चढवत गेले होते, आणि त्यांच्या कानांना ती आता कुठे ऐकू आली होती. ज्या कानांवर ह्या माणसानं उभं आयुष्य काढलं, ते कान गेले होते आणि त्याला पत्ता नव्हता.

आणि मी काय म्हटलं? मी, जी पोराच्या वहीत वेलांटी चुकली तर लाल रेघ ओढल्याशिवाय राहत नाही, ती मिरची? मी म्हटलं, "मस्त झालं चाचा. एकदम मस्त."

कोपऱ्यावरून वळले आणि गाडीच्या स्क्रीनवर बारीक आवाज उणे सहावर आणला. मग बरं वाटलं. पुढे चाचांच्या दुकानावरून जायचं असलं की कोपऱ्यावर थांबून तो पुन्हा शून्यावर न्यायचा आणि परत येताना पुन्हा उणे सहा. सासू यायच्या आधी पदर सावरणाऱ्या सुनेसारखं माझं ते चाललं होतं. दुकानात त्यांच्या नव्या गाड्या मी ऐकायची. सगळ्या टोचायच्या. आणि मी मान डोलवायची. आपण त्यांना जपतोय असं मला वाटायचं, खरंच वाटायचं. बाकीच्यांचंही तेच. कुणाच्या बायकोचं डोकं दुखायचं, कुणी अकोल्याला जाऊन गुपचूप नीट करून आणायचं. चाचांच्या तोंडावर मात्र सगळे 'वा, चाचा!' भीड भिकेची बहीण म्हणतात. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्या नावाची भीक केली.

पावसाळा संपत आला होता. चाचांना मंगरूळपीरला बहिणीकडे जायचं होतं, मला त्याच वाटेनं शाळेला, म्हणून त्यांना गाडीत घेतलं. त्या दिवशी ते दुकानात नव्हते, घरून निघाले होते, आणि मी कोपऱ्यावरचा तो उद्योग विसरले. रस्त्यात त्यांनी सवयीनं हात पुढे करून स्क्रीन चाळली. ऐकून त्यांना काहीच कळलं नसतं. पण डोळे शाबूत होते.

"बारीक आवाज उने सहा? हे कोनं केलं बाई?"

नवऱ्यावर ढकलायचं जिभेवर आलं होतं, पण ओठांबाहेर पडलं नाही.

"कदीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," मी म्हटलं.

त्यांनी स्क्रीनवरचं बोट मागे घेतलं. मग म्हणाले, "गाडी बाजूले घ्या." मी घेतली. ते खाली उतरले नाहीत, तसेच बसून समोर बघत राहिले.

"मले ऐकू येत नाही, हे तुमाले माहीत होतं."

"हो चाचा. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून..."

"कान गेले त गेले," ते म्हणाले. "अल्लाची अमानत होती, त्यानं वापस घेतली. त्याचं कायले वाईट वाटन? पन इमान त माहं होतं ना बाई. तुमच्या गाडीनंतर किती गाड्या गेल्या दुकानातून? माही चूक एकेका गाडीत बसून गेली, आन् तुमी उभ्या राहून मान हलवली."

मला रडू आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, समजूतही घातली नाही. मंगरूळपीरला मी त्यांना बहिणीच्या दाराशी सोडलं. उतरताना फक्त म्हणाले, "आयतवारी दुकानात या. तुमचे कान, माहे हात."

त्यांनी वही काढून एकेका गिऱ्हाइकाला फोन केला. 'माह्या हातून चूक झाली, गाडी घेऊन या, फुकट करतो.' दर रविवारी गाड्या यायच्या. मी पुढच्या सीटवर बसायची, ते खाली वाकून अँप्लिफायरशी. "अजून कमी. अजून. थोडं वर. बस." लोकांची अशी त्रेधा उडायची! मालक म्हणे, "नाही चाचा, मस्त हाय गाडी, कायले तकलीफ घेता?" चाचा माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "ह्यायनं बी असंच म्हटलं होतं." मी मान खाली घालायची. एकदाच नाही, दर गाडीला ते हे म्हणत. मी सोसलं, कारण ते खरं होतं.

एका कापसाच्या व्यापाऱ्याची गाडी आली. शेटजी घाईघाईनं म्हणाले, आमची एकदम बरोबर आहे, हात लावू नका. चाचांनी चिमणीची जाळी काढली. आत कापूस! पिंजलेला, पांढराशुभ्र, दोन्ही बाजूंना गच्च ठासून भरलेला. कारंज्यात कापसाला काय तोटा! शेटजी पार ओशाळले. "ते... घरी टोचते म्हने, म्हून..." चाचांनी कापसाचा बोळा हातात घेतला, उलटापालटा करून बघितला आणि हसायला लागले. पोट धरून हसले. शेटजी हसले, मीही हसले. मग बघते तो चाचा खुर्चीवर बसून डोळे पुसत होते. "एवढा लिहाज केला माहा," म्हणाले, "एवढी भीड! एकानं त म्हनाचं होतं, म्हाताऱ्या, चुकून राह्यला तू." शेटजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

माझी गाडी त्यांनी सगळ्यात शेवटी घेतली. मुद्दाम. मी बसले, त्यांनी चिमणी खाली आणली. "आता?" टोचणं थांबलं होतं. 'हो, झालं' म्हणून मोकळी झाले असते, पण टाळ्या एकमेकींत मिसळल्या होत्या. "नाही चाचा," मी म्हटलं, "आता जास्तच कमी झालं. पाच बायांच्या तीन झाल्या." त्यांनी थोडं वर घेतलं. मी मोजून 'पाच' म्हटल्यावर ते उठले, हात पुसले आणि दुकानावरच्या पाटीखाली खडूनं लिहिलं की इथे फक्त शीट आणि वायरिंग होईल, आवाज दुसरीकडून जुळवून घ्यावा. आलेल्या प्रत्येकाला कारणही स्वतः सांगत. "मले बारीक आवाज ऐकू येत नाही." पाणी संपलंय सांगावं इतक्या सहज सांगत.

जेमतेम हिवाळा गेला त्यावर. एक दिवस दुकानातच छातीत दुखलं, अकोल्याला नेईपर्यंत सगळं संपलं. मी शाळेत होते. मी पोचले तेव्हा कबरस्तानात मिट्टी होऊन गेली होती.

तिसऱ्या दिवशी मी चाचींना भेटायला गेले. घरात बायका बसल्या होत्या. मला बघताच चाची सगळ्यांना म्हणाल्या, "याच त्या मास्तरीणबाई. सगळ्या कारंज्यात एकट्या ह्याच खऱ्या निंगाल्या. यायनंच त्यायले तोंडावर सांगितलं का तुमचे कान गेले. मरेपर्यंत नाव घेत होते तुमचं. म्हनत, आपल्या पोटच्या पोरीनं नाही सांगितलं, पन बाईनं सांगितलं."

मी तिथेच उभी राहिले. चाचा घरी हे सांगून गेले होते. डॉक्टरच्या एका वायरीसाठी एसटीनं वाशीम गाठणारा माणूस, माझ्यासाठी घरात खोटं बोलला होता. बायका माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. गप्प बसले असते तर आयुष्यभर तशीच राहिले असते, एकटी खरी.

"नाही चाची," मी म्हटलं, "मी नाही सांगितलं. मी 'मस्त आहे' म्हणत राहिले. त्यांनी स्वतः पाहिलं, स्क्रीनवर."

चाचींनी माझ्याकडे पाहिलं. मग चटईवर थोडं बाजूला सरकल्या आणि हात धरून मला खाली बसवलं.

"कुकरची शिट्टी झाली का, ते मले विचारत," त्या हळूच म्हणाल्या, "दोन वर्सापासून. मीबी नाही सांगितलं, बाई."